विहीर कशानं उपसली

त्या दिवशी विहिरीवर कोण कोण व्हतं ते आधी सांगते. नावं घेत न्हाई. ज्याच्याकडं आमचे कारभारी सालानं कामाला व्हते तो बागायतदार व्हता. त्याचा धाकटा भाऊ व्हता. शेजारच्या मळ्याचा म्हातारा व्हता, त्याच्याकडं डिझेलचं इंजिन असायचं. पोलीस पाटील व्हते. टमाट्याच्या सरीत कामाला आलेल्या चार-पाच बाया व्हत्या, त्या लांब बांधावर तोंडाला पदर लावून उभ्या. दुपारच्याला जीपमधून दोन पोलीस आले. आन बाजेवर, घोंगडं पांघरून, आमचे कारभारी. मी नव्हते. मी गावात गिरणीत दळण घेऊन उभी व्हते.

ही वस्ती निरगुडसरच्या अलीकडं. आमी तिथं बागायतदाराच्याच खोलीत ऱ्हायचो. पोरगा तवा शाळेत जाणारा.

गिरणीच्या आवाजात मला आधी कळलंच न्हाई. दारात एक बाई हात हालवत व्हती. मला वाटलं, पीठ सांडलं म्हणून खुणावती. मग गिरणीवाल्यानं माझ्याकडं बघितलं आन मला कळलं, काय तरी झालंय. चालत आले तवर त्यांना वर काढलं व्हतं. पायात चपला नव्हत्या. चपला विहिरीच्या काठाला नीट लावून ठेवलेल्या व्हत्या, शेजारी घडी केलेला सदरा.

तेवढ्यावरनं लोकं म्हणाली, उडी मारली. बागायतदारच पैल्यांदा म्हणाला. "काय दुःख व्हतं राव त्याला, कुणाला बोलला न्हाई." बायांनी माझ्याकडं बघितलं. नवरा विहिरीत गेला की आधी बायकोकडं बघत्यात.

पोलीस आले, बागायतदाराच्या ओसरीवर बसले. चहा झाला, पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या. मी आत बायांमंदी बसले व्हते. मला कुणी बोलावलं न्हाई. मी बी उठून गेले न्हाई. पोलिसांना शिव्या देण्यासाठी हे लिहीत न्हाई. त्यांच्यामागं बी लई कामं असतील. मंग मयत मंचरला नेलं, कापाया.

आमच्याकडं अशी रीत हाये, विहिरीत मानूस गेलं की ती विहीर समदी उपसायची. तळ दिसंपातुर. मग हळद-कुंकू, नारळ, तवा कुठं नवं पाणी प्यायला चालतं. रोपांना बी ते पाणी देत न्हाईत, ओढ्याला सोडत्यात. बागायतदाराला घाई व्हती, टमाटी तोडायला आली व्हती, पाणी तर पायजे. कारभाऱ्यांना घेऊन गाडी मंचरच्या रस्त्याला लागली आन इकडं उपसा सुरू झाला. मी खोलीत बसून इंजिनाची ठकठक ऐकत व्हते. दिवस मावळतीला शेजारीण माझं दळण घेऊन आली, पाटी दारात ठेवली, म्हणाली, "दळून दिलं त्यानं." ते पीठ पुढं कुणी खाल्लं मला म्हाईत न्हाई.

तेराव्यानंतर खोली सोडली. वारूळवाडीला भावाकडं आले. भावजय चांगली व्हती, पण तिचं बी घर ते. नारायणगावात एका मारवाड्याच्या घरी काम धरलं. खाली किराणा दुकान, वर घर. घरच्या बाईला समदे भाभी म्हणायचे, मी बी. माझ्याच वयाची. जन्म इथलाच, बोलणं आपलंच.

भाभीला पुस्तकांचं येड व्हतं. पोलिसांची पुस्तकं. एकाच इन्स्पेक्टरची, नंबर घातलेली, पातळ, पिवळट कागदाची. कव्हरवर कायम एक बाई किंचाळत असायची. आतमंदी तसली बाई कुठंच नसायची. राजुरीचा एक मास्तर दुकानात किराणाला यायचा, तो आणून द्यायचा. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की मी वर धान्य निवडायची आन भाभी मोठ्यानं वाचायची. मी चौथीपातुर शिकलेली. अक्षरं येत्यात, पण एवढं मला दमानं वाचावं लागतं.

भाभी आधी शेवटचं पान वाचायची.

"भाभी, मग काय मजा?"

"मला धीर निघत नाही गं. पण तुला सांगणार नाही, घाबरू नकोस."

आन मधीच कुणी नोकर-बिकर आला की गालात हसायची. मग मला कळायचंच.

"त्योच हाये ना?"

"गहू निवड तू."

भाभीला खुनी कोण ते पायजे असायचं. मला त्याचं काय न्हाई. मला त्या इन्स्पेक्टरचं इचारणं आवडायचं. त्यो घरात शिरायचा न्हाई एकदम. दारात उभा ऱ्हायचा, बघायचा. कुणाला कशाला हात लावू द्यायचा न्हाई. मग एकेकाला बोलवायचा. घरमालकाला इचारायचा, तसंच इस्त्रीवाल्याला इचारायचा, भांडी घासणारीला बी. त्या टायमाला तुमी कुठं व्हता. काय ऐकलं. पैल्यांदा कोण आलं. एकदा इचारलेलं दुसऱ्यांदा इचारायचा. मानूस चिडलं तरी त्याचा आवाज चढायचा न्हाई. त्याच्याबरोबरचा हवालदार जाड, सारखा भूक लागली म्हणायचा, त्याला म्हणायचा, "थांब, अजून त्या म्हातारीला विचारायचं राहिलं." तेवढं ऐकलं की माझा हात सुपात थांबायचा. भाभी म्हणायची, "अगं, खुनी अजून मिळायचाय, तू आत्ताच कशाला रडतेस?" मी म्हणायची, कोंडा गेला डोळ्यात.

पोरगा तवर मोठा व्हत व्हता. शाळेत त्याला म्हणायचे, उडी मारलेल्याचा पोरगा. मारामारी करून यायचा. पुढं पुढं मारामारी बंद झाली, ते मला जास्त वाईट वाटलं. पित्रांच्या पंधरवड्यात मामा म्हणाला, "चल रं, बापाला पान घाल." तर म्हणाला, "त्यानं आमचा काय इचार केला व्हता? मी न्हाई घालणार." मामानं दोन शब्द समजावलं, मग सोडून दिलं. दर वर्साला हेच. आयटीआय केलं, चाकणकडं कंपनीत लागला, तरी हेच. मला दुसरं काय नको व्हतं. बाप आपल्याला टाकून गेला, एवढं त्याच्या मनातनं जावं.

एका दुपारी पुस्तकात असंच काय तरी व्हतं, हौदात मानूस सापडलेला. भाभीनं वाचता वाचता चष्मा काढला आन इन्स्पेक्टरचा आवाज काढून म्हणाली, "बोला बाई, त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

चेष्टा केली तिनं. मी म्हणाले, "गिरणीत व्हते."

तिला माझं समदं म्हाईत व्हतं. तिचं तोंड उतरलं. "नाही गं, मी आपली गंमत..."

"इचारा," मी म्हणाले. "आजपातुर कुणी इचारलं न्हाई मला."

भाभीनं पुस्तक पालथं ठेवलं. मग खरंच इचारायला लागली. तिला शेतातलं काय कळत न्हाई, म्हणून येड्यासारखे सवाल. विहीर केवढी. पायऱ्या व्हत्या का. न्हाई, पायऱ्या नव्हत्या, दोराला धरून उतरायचे. त्यांना पोहता येत होतं का. येत व्हतं, पण आत दगड पडलेले व्हते. मग काय झालं. मग विहीर उपसली.

"उपसली म्हणजे? बादल्यांनी?"

"न्हाई वो. इंजिनानं."

"त्यांच्याकडं विजेची मोटर नव्हती?"

"व्हती की. विहिरीवरच व्हती."

"मग वीज गेलेली असेल."

मी व्हय म्हणणार व्हते. मग गिरण आठवली. वस्तीची लाईन आन गिरणीची लाईन एकच. तिकडं लाईट गेली की गिरण बंद. आन गिरण तर चालू व्हती. माझं दळण सांजच्याला दळून घरी आलं. लाईट दिवसभर व्हती. मोटर व्हती. मग शेजाऱ्याकडनं इंजिन कशाला ओढून आणलं?

मोटर पाणी उचलत नसंल तरच आणत्यात. मोटरच्या पाइपाला खाली तोंडाशी जाळी असती. तिच्यात पाला, शेवाळ अडकलं की पाणी येत न्हाई. मग कुणी तरी सदरा-चपला काढून, दोराला धरून खाली उतरायचं आन हातानं जाळी मोकळी करायची. आमच्यात ते काम कारभारीच करायचे.

भाभीला काय कळलं न्हाई, मला सांगावं लागलं. सांगितल्यावर ती उठली, पाणी आणलं, मला दिलं, आपण बी पिली. त्या दिवशी पुस्तक तसंच ऱ्हायलं.

दुसऱ्या आठवड्यात एसटीनं मंचर, तिथनं निरगुडसर. बागायतदाराकडं गेले न्हाई. इंजिनवाल्या म्हाताऱ्याकडं गेले. गोठ्यात बसला व्हता. मला वळखलं. मी इन्स्पेक्टरसारखं आवाज न चढवता इचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुमचं इंजिन का आणलं?"

 म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत बसला. मग म्हणाला, "आदल्या दिवसापास्नं मोटर पाणी उचलत नव्हती. सकाळी त्याला खाली उतरवला. मोटर बंद नव्हती केली, का काय झालं, ते मी बघितलं न्हाई. मी आलो तवा दोर खांबालाच बांधलेला व्हता. त्याच दोरानं काढला त्याला."

"मग पोलिसांना का न्हाई सांगितलं?"

"मला कुणी इचारलं, बाई?"



"आता सांगता का? माझ्या पोराला तरी?"

"न्हाई. बागायतदाराच्या नि माझ्या बांधाला बांध हाये. माझं नाव काढू नको." मग घरात हाक मारली, "पावणीला चहा टाका गं." मी चहा पिऊन निघाले.

चौकीत बी जाऊन आले. तिथला हवालदार नवा, पोरागत. बसायला खुर्ची दिली. ऐकून घेतलं. म्हणाला, "मावशी, ते कवाच बंद झालंय. साक्षीदार आणता का कुणी?" मी उठले.

दिवाळीला पोरगा आला तवा जेवताना सांगितलं. गिरण, लाईट, इंजिन, दोर. समदं. त्यानं घास खाली ठेवला न्हाई, खात ऱ्हायला.

"कोण म्हणलं दोर व्हता म्हणून?"

"त्यानं नाव सांगू नको म्हणलंय."

"मग झालं." हात धुवून आला. "आई, तू त्या मारवाडणीकडं पुस्तकं ऐकती ना. पुस्तकात समदं जुळतंय. मला त्यात घालू नको."

पुढं म्हातारा बी गेला. मग मी पोराला त्याचं नाव सांगितलं, तर म्हणाला, मेलेल्याला कसं इचारू. ते बी खरंच. भाभी आता मुलाकडं पुण्याला असती, डोळ्यानं दिसत न्हाई तिला. पोरानं अजून बापाला पान घातलेलं न्हाई. मी घालती. बाईनं घालायचं नसतं म्हणत्यात. म्हणू द्यात. कधी कावळा शिवतो, कधी न्हाई.

वाचणाऱ्याला एकच सांगणं हाये. तुमच्या गावात विहिरीत कुणी गेलं, तर रीत हाये, उपसा विहीर, मी नको म्हणत न्हाई. पण उपसायच्या आधी दोर कुठं व्हता ते बघा, आन आत बसलेल्या त्याच्या बायकोला बाहेर बोलवून इचारा, बाई, तुला काय म्हाईत हाये. ती रडत असंल तर जरा थांबा. पण इचारल्याबिगर जाऊ नका.