तुरीच्या शेंगा आणि माझा उजवा डोळा

दिवाळीनंतर माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं, हे तुम्हाला दोघांना फोनवर कळलं होतं. का रद्द झालं ते मात्र मी सांगितलं नव्हतं. तुमच्या आईला मी म्हटलं, डॉक्टरांना वेळ नव्हता. ते खोटं होतं. डॉक्टर तयार होते, मीही तयार होते, फक्त माझं ब्लडप्रेशर तयार नव्हतं.

माझा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे, त्यामुळे सगळी मदार उजव्यावर. त्यात असा पडदा आला की फोनवर तुमचे चेहरे दुधातून बघितल्यासारखे दिसायचे. आणि ताई, तू रविवारच्या मराठी वर्गात शिकून मला पेन्सिलनं पत्रं लिहायला लागलीस ती नेमकी त्याच दिवसांत. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, ढिगानं पेपर तपासले, आणि नातीचं दोन पानांचं पत्र वाचता येईना. काकूआजी वाचून दाखवायची. ऐकायला छान वाटायचं, पण पत्र आपल्या डोळ्यांनी वाचायचं असतं. मला तो डोळा हवा होता तो मुख्यतः त्यासाठी.

तुमची काकूआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोन्ही आजोबा गेल्यापासून आम्ही दोघी महाल भागातल्या घरात एकत्र राहतो. तिचं माहेर कळमेश्वरकडचं, भाऊ अजून शेती करतात. तिच्या आणि माझ्या स्वभावात किती अंतर आहे ते तुम्ही सुट्टीत पाहिलं आहे. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात आणि तिच्या डब्यात साखर निघेल की मीठ, हे तिलाही झाकण उघडल्यावरच कळतं.

तिलाही मोतीबिंदू होता, पण एकाच डोळ्याला. सदर भागातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही एकाच दिवशी गेलो. माझी फाईल तारखेप्रमाणे लावलेली, औषधाच्या थेंबांच्या वेळा तक्त्यात लिहिलेल्या, आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवलेली साडी. तिनं चष्म्याचं घर आणलं, पण त्यात चष्मा नव्हता. नर्सनं प्रेशर मोजलं. तिचं एकदम छान. माझं एकशे नव्वद. तिला आत न्यायला नर्स आली तेव्हा ती बाकावर चक्क झोपली होती, हलवून उठवावं लागलं. मला फाईलसकट घरी पाठवलं.

नंतरचे पंधरा दिवस मी प्रेशर उतरवण्याच्या मागे लागले, आणि जे करायला नको तेच नीटनेटकेपणानं केलं. मशीन विकत आणलं. दिवसातून पाच वेळा प्रेशर मोजायचं, आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. रेघ वर गेली की माझी धडधड वाढायची, मग पुढचा ठिपका आणखी वर. काकूआजी ऑपरेशननंतरचा काळा चष्मा सांभाळत बघत राहायची. तिनं आपल्या परीनं उपाय सुचवले. कसलाच विचार करू नका म्हणाली. मी दिवसभर विचार न करण्याचा विचार केला. मग तिनं दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, तर मी ते मोजायला लागले, आणि कितवा श्वास चाललाय ते विसरल्यावर पुन्हा पहिल्यापासून. घामच फुटला मला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आकडा पहिल्यापेक्षाही वर होता. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. आवाज न चढवता म्हणाले, ते मशीन आता कपाटात ठेवा, गोळी वेळेवर घ्या, आणि आणखी एकदा बघू. नाहीच जमलं तर आधी मोठ्या डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या, म्हणजे ऑपरेशन उन्हाळ्यापर्यंत लांबणार. आम्ही ऑटोनं परत निघालो. मला स्वतःचा राग आला होता. एवढी शिकलेली बाई, एवढी शिस्तीची, आणि नुसतं शांत बसता येत नाही. शेजारी बसलेली काकूआजी मात्र नव्या डोळ्यानं रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती.

संक्रांतीच्या आधी तिच्या भावानं गोणीभर ओल्या तुरीच्या शेंगा पाठवल्या. थंडीत आपल्याकडे त्या दाण्यांचा सोलेभात होतो, तुम्ही खाल्ला आहे, ताई, तुझा भाऊ त्याला हिरवा भात म्हणतो. आम्ही गच्चीवर उन्हात सोलायला बसलो. मी आधी भरलेल्या शेंगा एकीकडे केल्या, पोचट दुसरीकडे, किडक्या तिसरीकडे. मग एकेक ढीग घेतला. शेंगेला शिवणीवर दाबलं की ती टचकन उघडते, अंगठा फिरवला की दाणे ताटात. काकूआजी हाताला येईल ती शेंग उचलत होती, आणि तिचे निम्मे दाणे ताटात जाण्याआधी तोंडात जात होते.

तासाभरानं ती खाली गेली आणि पदराआड काहीतरी घेऊन आली. कपाटातलं मशीन.

"डावा हात द्या," ती म्हणाली.

मी नको म्हणाले. तिनं माझ्या हातातली शेंग काढून घेतली, पट्टा बांधला, आणि आकडा आला तो मला न दाखवता स्वतःच बघत बसली.

"किती?"

"एकशे चौतीस. अवं जाऊबाई, तुमाले रिकामं बसवलं का तुमचं डोकं आतल्या आत घर झाडत बसते. तुमच्या हाताले काम पायजे. तुमी माह्यासारख्या कायले होऊन राह्यल्या?"

पंधरा दिवस मी तिची नक्कल करत होते. ती झोपते म्हणून मीही निवांत व्हायचं, ती हसते म्हणून मीही हसायचं. तिला कधी शिस्त नव्हती आणि माझ्यात कधी ढिलाई नव्हती. जो स्वभाव मला घाबरवत होता, त्यालाच काम दिलं तर तो गप्प बसत होता. एवढी साधी गोष्ट मला सत्तरी ओलांडल्यावर कळली, तीही शेंगा सोलताना.

तिसऱ्यांदा मी दवाखान्यात फाईल तिच्याकडे दिली आणि स्वतः कापडी पिशवीत शेंगा नेल्या. नर्सनं विचारलं, आजी, हे काय इथे. मी मांडीवर पसरलेला दुहेरी पेपर, टरफलांची वेगळी पिशवी आणि हात पुसायचा ओला रुमाल दाखवला. ती हसली आणि एवढंच म्हणाली की आत जाताना हात साबणानं धुवा. समोरच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी बसले होते, एका डोळ्यावर खूण केलेली. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला, "द्या बाई चार शेंगा, मी बी घाबरून राह्यलो." मी त्यांना भरलेल्या दिल्या. काकूआजीला पोचट.

प्रेशर एकशे बेचाळीस निघालं. डॉक्टर म्हणाले, चालेल.

आत शेंगा नेता येत नाहीत. पण डोळ्यावर तो मोठा उजेड आला तेव्हा मी मनातल्या मनात ढीग लावायला लागले. भरलेल्या इकडे, पोचट तिकडे. मध्येच डॉक्टरांनी विचारलं, आजी, ठीक आहात ना? मी म्हटलं, तिसरा ढीग चाललाय. नंतर काकूआजीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं म्हणून बरं, नाहीतर त्यांनी माझ्या डोक्याचीही तपासणी लिहून दिली असती.

आठ दिवस चुलीपाशी जायचं नाही, वाकायचं नाही. मी सोललेल्या दाण्यांचा सोलेभात काकूआजीनं केला. खारट झाला होता. मी दोनदा वाढून घेतला.

वाचायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी खणातून तुझी चारही पत्रं काढली. ताई, तुझं अक्षर सुरेख आहे. आणि तुझ्या पत्रांत कुत्रा नाही. शिक्षकांचा डबा पळवणाऱ्या ज्या कुत्र्याचं ऐकून मी दोन आठवडे हसले होते, तो काकूआजीनं पदरचा घातला होता. पण तिसऱ्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती जी मला कोणी वाचून दाखवली नव्हती. "परीक्षेच्या दिवशी माझं पोट दुखतं. आई म्हणते मी आजीसारखी आहे."

मी पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकूआजी भाजी चिरत होती. विचारल्यावर तिनं मान वर केली नाही. "मुद्दामच सोडली," म्हणाली. "वाचली असती त तुमी पोरीच्या पोटाचा बी आलेख काढला असता."

तिचं खरं होतं. त्या पंधरवड्यात मी तो काढलाच असता. आता काढला नाही. संध्याकाळी तुला फोन केला. तेव्हा मी डोळ्याला डोळा भिडवून पहिल्यांदा तुला स्वच्छ पाहिलं. तुझ्या डाव्या गालावर शाईचा डाग होता. मी फक्त एवढंच विचारलं की परीक्षेच्या सकाळी, पोट दुखत असताना, तुझ्या हातांना काय करावंसं वाटतं. तू आधी लाजलीस. मग हळूच म्हणालीस की तू घरातल्या सगळ्यांच्या मोज्यांच्या जोड्या लावतेस, आणि आई म्हणते, हा काय वेळ आहे.

तुझा भाऊ परीक्षेला जाताना गाडीत झोपतो, हे मला माहीत आहे. तो काकूआजीवर गेला आहे. त्याला झोपू दे. तू त्याच्यासारखं झोपायचा प्रयत्न करू नकोस. मी तुझ्या आईला फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, परीक्षेच्या दिवशी धुतलेले सगळे मोजे या पोरीसमोर ओतायचे आणि दहा मिनिटं तिला काही बोलायचं नाही. आई म्हणाली, बरं. जरा नाइलाजानंच म्हणाली, पण म्हणाली.

मागून काकूआजीनं माझ्या खांद्यावरून डोकं पुढे काढलं. "माहे बी पाठवू का गं? माह्या एकाही मोज्याले जोडी नाई."

तू तेव्हा इतकी हसलीस की तुझा फोन खाली पडला आणि आम्हाला बराच वेळ तुमच्या घराचं छत दिसत राहिलं. तेही अगदी स्पष्ट दिसलं.