वळणाआधीचं नाव

त्या दिवसांत मी खंडोबाशी बोलणं टाकलं होतं. रोज दिवा लावायचे, पण तोंड वळवून. मी तशी तापटच, आणि रागाला कारणही तसंच होतं. आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. जो माणूस रोज पहाटे टेम्पोच्या स्टिअरिंगला भंडारा लावल्याशिवाय किल्ली फिरवत नव्हता, त्याच्यावरच हे यावं, हे मला काही केल्या पटत नव्हतं.

आम्ही मूळचे बीडकडचे. लग्न झाल्यावर कुरुळीत खोली केली, ती आजतागायत. हे चाकणच्या बाजारातून कंपन्यांच्या कँटीनला भाजी पोचवायचे आणि मी एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचे. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही टेम्पोतूनच निमगावच्या खंडोबाला जायचो. दोघांच्या मध्ये डबा, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. वळण आलं की हे मोठ्यानं "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणायचे, मगच टेम्पो वळायचा. शेजारून दुचाकीवाले वळून बघायचे आणि मी पदराआड हसत म्हणायचे, "अहो, हळू. लोक बघतात." आता वाटतं, बघू द्यायला हवं होतं.

आजारपणानंतर टेम्पो दाराशी धूळ खात उभा राहिला. शिफ्ट आणि ओव्हरटाइम सांभाळून ह्यांचं करणं मला जमेना. दीर म्हणाले, टेम्पो विकून टाका, दादाला गावी पाठवा, आम्ही बघू. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मी निघाले की ह्यांचे डोळे दाराला लागायचे, ते मी बघत होते. मीच टेम्पो चालवायला घेतला तर सकाळची फेरी करून दहाला घरी येता आलं असतं. कँटीनवाल्यानं महिनाअखेरपर्यंत काम दुसऱ्याला देणार नाही असं सांगितलं होतं. फक्त लायसन्स हवं होतं.

मला वाटलं, त्यात काय अवघड? एवढी वर्षं कंपनीच्या आवारात टनाटनाचा माल हलवणारी बाई मी. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. त्यामुळे कोपऱ्याला अगदी चिकटून जायचं आणि पुढचं चाक कोपऱ्याशी आलं की झटकन वळवायचं. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा माल उचलायच्या लिव्हरवर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझा उजवा हात नसलेली लिव्हर शोधत दाराला आपटायचा. गाडीची पुढची चाकं वळतात, तिथं उशिरा वळवायचं असतं; पण परीक्षेच्या मैदानावरच्या आठच्या आकड्यात मी सवयीनं आतल्या अंगाला चिकटायचे, लवकर वळवायचे आणि मागचं चाक कडेच्या दांड्याला घासायचं. पहिल्या परीक्षेत एक दांडा पाडला, दुसऱ्या परीक्षेत दोन. दोन्ही वेळा आत बसताना मी देवाला दटावलं होतं, "एवढी सेवा केली त्यांनी, आता पास कर." तिसऱ्यांदा नापास झाले तर दोन महिने थांबावं लागेल, असं स्कूलवाल्यांनी सांगितलं. तोवर टेम्पो गेला असता आणि हे गावी.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी मैदानाबाहेर मोकळ्या जागेत मी सराव करत होते. पुन्हा तेच चाललं होतं. शेवटी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. कुणी तरी काचेवर टकटक केलं. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हाताला ग्रीस लागलेलं. स्कूलची दुसरी गाडी दुरुस्त करून पोचवायला आलेले चाकणचे मिस्त्री होते.

"ताई, मगापासनं बगतोय. कंपनीत फोर्कलिफ्ट चालवताय व्हय?"

मी चकित होऊन मान हलवली.

"मी बी चालवलीय, लई वर्सं. ती सवय लवकर सुटत न्हाई. आसं करा, वळण आलं आसं वाटलं की लगेच वळवू नका. तुमच्या देवाचं नाव घ्या. पुरतं घ्या, अर्धं न्हाई. मग वळवा. मी बिस्मिल्ला म्हनायचो."

एवढं बोलून ते निघाले. मला मात्र निमगावचा रस्ता आठवला, डबा आठवला आणि वळणावरचा तो मोठा आवाज आठवला. ज्याच्याशी मी अबोला धरला होता, त्याचंच नाव घ्यायला एका परक्या माणसानं सांगितलं होतं, आणि तेही ह्यांच्याच रीतीनं.

परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब शेजारी बसले. या वेळी मी काहीच मागितलं नाही. मागायला सवडच नव्हती, कारण प्रत्येक वळणाआधी नाव पुरं करायचं होतं. येळकोट येळकोट जय मल्हार, मग वळण. पुन्हा नाव, पुन्हा वळण. गाडी आठच्या आकड्यातून बाहेर आली तेव्हा मागं एकही दांडा पडला नव्हता. साहेबांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "बाई, पुटपुटत काय होता?" मी हसत गाडीतून उतरले.

पेढे घेऊन त्या मिस्त्रींना शोधायला गेले, तर ते निघून गेले होते. चाकणमध्ये फिरले असते तर सापडलेही असते कदाचित. पण मी मनातच त्यांच्या पाया पडले. देव कुणाच्या तोंडून बोलतो यावर मी वाद घालत नाही. एवढंच कळलं की आजवर मी नावासोबत देवाला हुकूम सोडत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्या रविवारी ह्यांना डाव्या सीटवर बसवलं, पाठीला उशी लावली, स्टिअरिंगला भंडारा लावला आणि निमगावला निघाले. मध्ये डबा होताच. ह्यांना नीट बसवलंय ना, उशी सरकली तर नाही ना, या काळजीत वळण कधी आलं कळलंच नाही. नाव घ्यायचं विसरून मी स्टिअरिंग फिरवणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. सात महिन्यांत पहिला. "ये... ये... कोट."

मी ब्रेक दाबला. मागच्यानं हॉर्न वाजवला, वाजवू दे. ह्यांचं देवाचं नाव घेऊन पुरं होईपर्यंत मी थांबले आणि मग टेम्पो वळवला.