कांद्याच्या पेशीतला केस

शाळेत त्यांना सगळे पेशीबाई म्हणत. मुलं पाठीमागे, बाकीच्या शिक्षिका तोंडावर, आणि घरी यजमान चिडवायला. एकतीस वर्षं त्या आठवीला विज्ञान शिकवत होत्या, पण त्यांच्या अंगात यायचं ते पेशीचा धडा आला की. त्या दिवशी पुस्तक बंद. घरून आणलेला कांदा चिरायचा, पाकळीच्या आतला पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवर पसरायचा, वर आयोडिनचा थेंब सोडायचा आणि बुडबुडा अडकणार नाही अशा बेताने पातळ काच तिरकी टेकवत ठेवायची. मुलं चाळीस आणि चालू सूक्ष्मदर्शक एक. एकेकाने यायचं, डोळा लावायचा, जागेवर जाऊन चित्र काढायचं.

नियम एकच. दिसलं तेच काढायचं. पुस्तकात आहे पण काचेखाली नाही, त्याचं नाव चित्राखाली लिहून पुढे ‘दिसलं नाही’ असं लिहायचं. शाळेच्या त्या म्हाताऱ्या यंत्रातून पेशीची भिंत दिसे, आयोडिनने पिवळं झालेलं केंद्रक दिसे, आणि तिथे गाडी थांबे. तंतुकणिका वगैरे मंडळी त्याच्या आवाक्याबाहेरची. साहजिकच बाईंच्या वर्गातल्या वह्या ‘दिसलं नाही’ने भरलेल्या असत, आणि बाई नेमकं शिकवतात तरी काय, असं विचारायला पालक येत.

केंद्रक कुठलं ते मुलांना दाखवता यावं म्हणून बाईंनी यंत्राच्या वरच्या भिंगाआड स्वतःच्या डोक्यावरचा एक केस चिकटवला होता. डोळा लावला की एक काळी रेघ दिसे. काचपट्टी सरकवून रेघेच्या टोकाशी केंद्रक आणलं की काम झालं. डिंक सुकून केस गळाला की दुसरा. हल्लीचे केस पांढरे होते, पण खालून उजेड आला की तेही काळेच दिसत. निदान तिथे तरी तू तरुण आहेस, असं यजमान म्हणत, आणि बाई त्यांच्याकडे काणाडोळा करत.

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या खोलीवर संगणकवाल्यांचा डोळा होता. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. त्याने बाईंना बोलावून सरळ सांगितलं, की तपासणीला येणारे साहेब वह्या बघतील. आकृत्या पूर्ण असल्या तर खोली तुमची, नसल्या तर मला भांडता येणार नाही. पूर्ण म्हणजे पुस्तकातले नऊच्या नऊ भाग. ‘दिसलं नाही’ चालणार नाही.

दोन दिवस बाईंनी पेशीचा धडा पुढे ढकलला. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर पुस्तकातली पेशी काढली, नऊ बाण मारले आणि वर्गाला म्हणाल्या, उतरवून घ्या. कांदा पिशवीतच राहिला. शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे शंकासुर म्हणत. तिने विचारलं, की बाई, आम्ही बघणार कधी? बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकतीस वर्षांत त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तपासणीच्या दिवशी यंत्र पुसून, काचपट्टी लावून टेबलावर मांडलं होतं. साहेबांनी नेमकी शंकासुराचीच वही उचलली. आकृती छान आहे म्हणाले, आणि सहज विचारावं तसं त्यांनी तिला विचारलं, “हे सगळं या यंत्रातून दिसतं?”

पोरगी उभी राहिली आणि बाईंकडे बघत राहिली. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मुख्याध्यापक खाकरले.

“नाही, साहेब,” बाईच म्हणाल्या. “यातलं दोनच दिसतं. आणि तेही मुलांनी अजून पाहिलेलं नाही. मी फळ्यावरून उतरवून घ्यायला लावलं.”

साहेब यंत्राशी वाकले. बराच वेळ डोळा लावून होते. मग ही काळी रेघ कसली, पुस्तकात तर नाही, असं त्यांनी विचारलं. बाईंनी तो माझा केस आहे म्हणून सांगितलं. वर्ग हसला, साहेबही हसले, आणि जाताना त्यांनी अहवालात लिहायचं ते लिहिलं. साधनं अपुरी, खोली अन्य कामासाठी वापरावी. पुढच्या महिन्यात खोली गेली.

यंत्र व्हरांड्यात खिडकीपाशी आलं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली बाईंनी पुठ्ठा सरकवला. कांदा चिरला. वह्या काढायला लावल्या. आधीचं कुणी खोडू नका, आता बघा आणि ज्याच्यापुढे लिहायला हवं त्याच्यापुढे ‘दिसलं नाही’ लिहा, असं त्यांनी बजावलं. फळ्यावरून उतरवायला लावलं ते माझं चुकलं, हेही त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. मग पहिला नंबर शंकासुराला दिला.

तिने डोळा लावला. “बाई, पेशी दिसतच नाही. नुसता तुमचा केस दिसतोय.”

बाईंचा हात सवयीने भिंग खाली-वर करायच्या स्क्रूकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

“मग तेच लिही,” त्या म्हणाल्या. “लिहून झालं की परत ये आणि हा स्क्रू तूच फिरव. सावकाश.”

पोरगी लिहून परत आली, स्क्रू धरला आणि फिरवू लागली. मग एकदम थांबली. किती तरी वेळ तिने डोळा काढलाच नाही, आणि रांगेतली मुलं मागून ढकलायला लागली.