उखळावरचा दूधराज

आमच्या गावात आता चितळं चरतात आणि त्यांचे फोटो फार छान येतात. सकाळचं तिरपं ऊन, गुडघाभर गवत, मागे मोहाची झाडं, आणखी काय पाहिजे? हे मी कौतुकानं लिहीत नाही. तो कळप जिथे मान वर करून उभा राहतो, तिथे आमच्या गावचा आखर होता. सकाळी गावची सगळी गुरं तिथे जमायची आणि गायकी, म्हणजे गावचा गुराखी, त्यांना घेऊन रानात जायचा.

उद्यानाचं नाव मी लिहिणार नाही. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला ते आपसूक कळेल. बाहेरच्याला सांगितलं की तो तलावाबद्दल आणि विश्रामगृहातल्या कोंबडीच्या रश्श्याबद्दल बोलायला लागतो, आणि माझं डोकं उठतं. सत्तरच्या दशकात ते जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतलं आमचं गाव बाहेर आलं. मी तेव्हा भंडाऱ्याला वसतिगृहात राहून डी.एड. करत होते. दिवाळीच्या सुटीत घरी गेले ती आंधळगावला, मामाच्या घराशेजारी बांधलेल्या नव्या घरी. जुनं घर मोडताना मी पाहिलंच नाही. दारं, लाकडं, छपराचे कवेलू असं सगळं बैलगाडीतून आलं. मातीच्या भिंती तिथेच राहिल्या आणि पावसानं बसल्या. माझ्या मायनं बसायचा पाटसुद्धा मागे ठेवला नाही. राहिलं ते फक्त धान कांडायचं दगडी उखळ. ते ओसरीच्या जमिनीत पुरलेलं होतं, तोंड जमिनीबरोबर. ते काढायला वेळ मिळाला नाही.

मायला त्या गावाचं वेड होतं असं मी म्हणणार नाही. तिथे दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात चार महिने नाला अडवायचा. ती आंधळगावात सुखानं रमली असती. पण माझ्या भावाची पोरं मोठी झाली आणि आजीच्या गोष्टींना हसायला लागली. आमच्या अंगणात अस्वल आलं होतं, आमच्या विहिरीवर वाघाचे पंजे उमटायचे, असं ती सांगायची. पोरं म्हणायची, "आजी, वाघाच्या जंगलात का कोनी घर बांधते? तू लंब्या फेकून राहिली." शाळेत त्यांना शिकवलं होतं की राष्ट्रीय उद्यानात फक्त प्राणी राहतात. नकाशात आमचं गाव नव्हतं. मायजवळ दाखवायला काहीच नव्हतं. आमच्या घराचा कधी फोटो निघाला नव्हता, कारण गावात कॅमेराच कधी आला नव्हता.

"माह्या घराच्या जागेवर मले उभं करून एक फोटो काढून दे," ती मला म्हणाली. "मंग पाहतो हे पोट्टे कसे हासतेत."

तेवढंच तिनं मागितलं. आयुष्यात तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पण जायचं कसं? आत जायला परवानगी लागायची. मोहफुलं वेचायला येतील, लाकूड तोडतील, या भीतीनं ती आमच्यासारख्यांना मिळत नसे. आपल्याच गावात जायला आम्ही चोर ठरलो होतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी भंडाऱ्यात मास्तरीण होते आणि शाळेचं निसर्ग मंडळ माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या मंडळाच्या पत्त्यावर एका सहलीची जाहिरात आली. पक्षिनिरीक्षण आणि वन्यजीव छायाचित्रण, तीन उद्यानं, उन्हाळ्याच्या सुटीत. पहिलंच उद्यान आमचं. मी दोन जागा घेतल्या. एक माझी, एक मायची.

नागपूरहून मेटॅडोर आली. टूरचे प्रमुख नावाजलेले छायाचित्रकार होते. सगळे त्यांना 'सर' म्हणत, म्हणून मीही म्हणाले. अंगात खाकी, गळ्यात दोन कॅमेरे, बोलणं हळू आणि गोड. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मायला हात देऊन गाडीत चढवलं, खिडकीची जागा दिली. कारध्याचा पूल ओलांडेपर्यंत ते तिला 'आजी' म्हणायला लागले होते आणि ती त्यांना 'बापू'.

फक्त तिचं लुगडं त्यांना खटकलं. लाल, हिरव्या काठाचं, ठेवणीतलं. "आजी, भडक रंगानं पक्षी बिचकतात," ते म्हणाले आणि स्वतःची मातकट चादर तिच्या अंगावर घातली.

"आमी जनमभर लालच नेसलो," माय माझ्या कानात पुटपुटली. "तवा तं एकही पाखरू गाव सोडून नाही गेलं." पण चादर तिनं काढली नाही. फोटो काढणाऱ्या माणसाला दुखवायचं नाही, हे तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत गेलो. जंगलात बोलायचं नाही असा नियम होता. पण गाडी जुन्या वाटेला लागली आणि मायला राहवेना. ती बोटानं दाखवत कुजबुजत होती. इथं पाण्याची बोडी होती. इथं आमची धानाची बांधी. इथं कुंभार राहायचा. समोर नुसतं गवत, तरोटा आणि बोरीची झुडपं. मला काही म्हणजे काही ओळखू येत नव्हतं. ज्या जागेवर मी लहानाची मोठी झाले, तिथे मी सहलीच्या पाहुण्यांसारखी मान वळवून बघत होते. मला लाज वाटली आणि रागही आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

सरांनी गाडी थांबवली आणि मंडळींना माहिती दिली. हे नैसर्गिक कुरण, इथला समतोल हजारो वर्षांचा. "सर, इथे आमचं गाव होतं," मी म्हणाले. "हो का?" ते म्हणाले. "पाहा, निसर्ग किती लवकर जखमा भरून काढतो." दोघांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. आम्ही त्या जखमा होतो.

मायनं घर शोधून काढलं. भिंतींची माती पसरून हातभर उंचवटा झाला होता, त्यावर गवत. ती वाकून पाचोळा बाजूला करत राहिली आणि एका जागी खालीच बसली. "हा पाहा माहा उखर!" उखळाला ती उखरच म्हणायची. काठाला एक टवका गेला होता. तो माझ्या हातून मुसळाची लोखंडी वसवी आपटून गेला होता आणि त्यासाठी मी मार खाल्ला होता. तिनं आतली माती हातानं उपसली, पदरानं दगड पुसला. तिचं तोंड इतकं उजळलेलं मी क्वचितच पाहिलं होतं.

सरांचं तोंडही उजळलं. "अरे वा! हे तर तयार पाणवठ्याचं कुंड आहे." त्यांनी डब्यातलं पाणी आणून उखळात ओतलं. उन्हाळ्यात पाणी दिसलं की पाखरं उतरतात, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मग त्यांनी काठावर ओला पाला, काटक्या, शेवाळलेले खडे रचले. टवका झाकला. मी विचारलं तेव्हा त्यांनी प्रेमानं समजावून सांगितलं. वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेत माणसाच्या हाताची खूण चालत नाही. तार, भिंत, दोरी, घडवलेला दगड, काही दिसलं की चित्र बाद. मूठभर पाचोळ्यानं काम भागतं.

माय हे बघत होती. "झाकून काहून राहिले?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पाखरांसाठी. तिला ते पटलं. मला पटलं नव्हतं.

कापडी आडोशामागे आम्ही सगळे बसलो. घामानं अंग भिजलं. साळुंक्या आल्या, बुलबुल आले, आणि मग दूधराज उतरला. पांढराशुभ्र नर, काळं डोकं, मागे फितीसारखी लांब शेपूट. तो उखळात बुडी मारायचा, वर फांदीवर जायचा, पुन्हा यायचा. सुंदर होता, खोटं कशाला बोलू? सरांचा कॅमेरा थांबेना. थांबला तेव्हा दूधराज उडून गेला होता आणि मंडळी एकमेकांचे हात दाबत होती.

तेव्हा मी मायच्या फोटोची आठवण दिली. "हो हो, का नाही?" सर म्हणाले. त्यांनी तिला उंचवट्यावर उभं केलं. तिनं चादर काढून माझ्या हातात दिली, लाल लुगड्याचा पदर नीट केला. सर गुडघ्यावर बसले, मागे सरले, पुन्हा पुढे आले. "थोडं उजवीकडे. मान वर. हसा, आजी, हसा." माय हसली. खटका दाबल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टूरमध्ये आणखी चार-पाच कॅमेरे होते, पण खुद्द सरांनी फोटो काढल्यावर दुसऱ्या कोणी काढायचं कारणच उरलं नाही.

पुढची दोन उद्यानं मायनं जवळजवळ झोपूनच काढली. सगळ्यांना वाघ दिसला, त्या वेळीही ती घोरत होती. उठवलं तर म्हणाली, "तुमी पाहा. मी पायला आहे." तिचं काम झालं होतं. जागी असली की फोटो केव्हा धुऊन येईल, केवढा असेल, काच बसवता येईल का, हेच.

आंधळगावला पोचल्या पोचल्या तिनं माझ्या भावाकडून भिंतीत खिळा ठोकून घेतला. पोरांना रोज सांगायची, "येऊ द्या फोटो, मंग बोला." पावसाळा गेला. मी सरांना दोन पत्रं घातली, उत्तर आलं नाही. मोठा माणूस, कामं असतील, अशी मी मायची समजूत काढत राहिले. खिळ्याला भावानं कंदील अडकवला, तर तिनं तो काढून टाकला.

दिवाळीच्या सुमारास नागपुरात त्या टूरच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं. मी एकटीच गेले. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच, सगळ्यात मोठ्या चौकटीत, दूधराज. पंख पसरलेले, थेंब उडालेले, खाली गोल काळं पाणी. शेजारी स्पर्धेतल्या पहिल्या बक्षिसाची फीत. खाली लिहिलं होतं: 'मानवस्पर्शाविना'. लोक पुढे वाकून बघत होते आणि जंगलात अशी नैसर्गिक कुंडं कशी तयार होतात हे एक गृहस्थ बायकोला सांगत होते.

सर भेटले. आनंदानं भेटले. मी मायचा फोटो मागितला.

"कुठला फोटो?" त्यांनी आठवून पाहिलं, मग हसले. "अहो बाई, त्या वेळी दोन्ही कॅमेऱ्यांत रोल कुठे होता? शेवटचं चित्र दूधराजावर गेलं होतं. आजी एवढ्या आशेनं बघत होत्या, म्हणून नुसता खटका दाबला. त्यांचं मन राखलं. आम्ही नेहमीच करतो असं, खेड्यातली माणसं खूश होतात."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी त्या चित्रासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "हे कुंड नाही. माझ्या मायचं उखळ आहे. ती यात धान कांडत होती. यांनी वर पाला पसरला आहे." एका आयोजकानं मला बसायला खुर्ची दिली. दुसऱ्यानं चहा आणला. सर सगळ्यांना शांतपणे म्हणाले, "बाई तिथल्याच आहेत, त्यांचं त्या जागेवर फार प्रेम आहे." लोकांनी माझ्याकडे मायेनं बघितलं आणि पुन्हा चित्राकडे वळले. फीत तशीच राहिली. आजही तो हॉल आठवला की मला वाटतं, तो चहा मी त्या काचेवर फेकायला हवा होता.

घरी येताना एसटीत भाऊ मनात येत होता. तो म्हणेल, खोटं सांग. आणि तो तेच म्हणाला: "फोटो खराब झाला मनून सांगून दे न." पण मायचं मन राखायचं काम एका माणसानं आधीच केलं होतं, तेवढं पुरे होतं. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं.

तिनं भिंतीतल्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी तं चपला काढून उभी होती वो."

"काहून?"

"घरात कोन चपला घालते?"

तिच्या पायांकडे माझं त्या दिवशी लक्षच गेलं नव्हतं. मे महिन्यातली तापलेली जमीन आणि बोरीचे काटे. सरांचंही गेलं नव्हतं, पण त्यांच्याकडून मी काय अपेक्षा करावी?

माय रडली नाही, कोणाला शिव्याही दिल्या नाहीत. मी दिल्या, भरपूर. तिनं गावाच्या गोष्टी सांगणं तेवढं बंद केलं. थंडीत एका संध्याकाळी पोरं शेकोटीला तिच्याजवळ बसली होती. धाकट्यानं अस्वलाची गोष्ट मागितली, आणि तिला चिडवायला म्हणाला, "तुह्या गावातली वो आजी, वाघाच्या जंगलातली."

"कोनतं गाव?" माय म्हणाली. "गाव नव्हतंच बापू. जंगलच होतं तेथी."

आणि या वेळी पोरांनी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला.