पूजा झालेला कॉम्प्युटर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्या दक्षिणेतल्या इरुंगाट्टुकोट्टैच्या फॅक्टरीत सगळ्या मशिनींना चंदन-कुंकू लागायचं, कॉम्प्युटरलासुद्धा! आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मी नागपूरहून नवीनच आलेले, कॉम्प्युटरचं काम बघायला. आधीच सांगून टाकलं, "आमच्या घरी पूजा दसऱ्याला, माझा कॉम्प्युटर उद्या!"

दुपारी पूजा आटोपली आणि लगेच कळलं, सकाळच्या अपडेटने पार्टचे नंबर उलटसुलट केलेत. संध्याकाळी लॉरी जायची आणि लेबलं सगळी चुकीची! उपाय साधा होता, कालचा बॅकअप रिस्टोअर करायचा. पण बॅकअप सगळे काम करत असताना घेता येतो, रिस्टोअरला मात्र सगळे सिस्टीमच्या बाहेर हवेत. मी बघितलं तर एक जण अजून आत. स्टोअरचे मामा!

मामा तंजावरकडचे मराठी, मला पोरीसारखं वागवायचे. मी धावत त्यांच्याकडे गेले. त्यांच्या स्क्रीनवर अख्ख्या स्टोअरची मोजणी, सकाळपासून भरलेली, सेव्ह न केलेली. कीबोर्डवर झेंडूची फुलं.

"मामा, सेव्ह का नाही केलंत?"

"अय्यो, गुरुजी आले पा! पूजेला मशीन चालू असावी म्हणून तसंच ठेवलं."

"सेव्हचं एकच बटण दाबू? मग माझ्याकडे छापून घेते."

"आज नको, पोरी. सरस्वती बसली आहे तिथं."

"मी माझ्या जागेवरून तुम्हाला बाहेर काढू शकते. पण मोजणी जाईल."

मामांनी कीबोर्डवरचं एक फूल उगाच नीट केलं, बस्स.

मला काही काढवेना. आणि मग सुचलं, अरे, सगळ्यांच्याच डेटाबेसवर कशाला! माझ्या मशीनवर तर पूजा नाही! बॅकअपची सीडी घातली, माझ्या एकटीपुरती कॉपी रिस्टोअर केली. तिथे कुणाला बाहेर काढायचंच नव्हतं! लेबलं बरोबर आली, लॉरी गेली.

"तुझा कॉम्प्युटर पूजेला आळशी म्हणून वाचलो," मामा म्हणाले.

दसऱ्याला सकाळी त्यांनी हात जोडले, फुलं बाजूला केली, मोजणी छापून घेतली आणि लॉगआउट दाबलं. "विजयादशमीचा शुभारंभ, आणि पहिलं काम काय, तर बाहेर पड!"

मग मी सर्व्हरवर खरा रिस्टोअर चालवला. जुन्या बॅकअपमध्ये मोजणी नव्हतीच, म्हणून तो झाल्यावर ती परत भरायला बसलो. मी कागद वाचत होते, मामा एका बोटाने टाइप करत होते.

"हळू गो," ते म्हणाले, "अजून पहिल्याच रॅकवर आहे मी."