उंदरांचं वाक्य

दैनिकाच्या वणीच्या कार्यालयात पान लावण्याचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी कर्करोग संशोधनाची बातमी आली. तांब्याचे आयन भरलेले अतिसूक्ष्म कण रक्तात सोडायचे आणि गाठीवर ठरावीक प्रकाश पाडायचा. कण तिथेच उघडतात आणि तांबं फक्त रोगट पेशी मारतं. शेवटचं वाक्य असं होतं की, हे प्रयोग सध्या उंदरांवरच झाले आहेत. ऐनवेळी जाहिरात वाढली. बातमी खालून कापायची, ही आमची पद्धत. मी ते वाक्य कापलं. मथळा दिला, 'आता प्रकाशाने बरा होणार कर्करोग'.

तीन आठवड्यांनी झरी जामणीकडची एक बाई कात्रण घेऊन आली. तिचा नवरा दाराबाहेर बाकावर बसला होता. तोंडाला दुपट्टा होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन झालेल्या कर्करोगात त्याचा गाल गेला होता.

"भाऊ, हे तुमीच छापलं ना? याईचा नागपूरले शेक चालू होता. तोंड सारं सोललं. हे वाचलं अन् म्हणे, आता जातच नाई. तांब्याचा लाइट येऊन राह्यला."

बाहेरून तो दुपट्ट्याआडून काहीतरी पुटपुटला. ती हसली. "म्हणते, पेपरवाल्याले विचार, नंबर लावा लागते का आतापासून."

"किरणोपचाराचा शेक थांबवून किती दिवस झाले?"

"पंधरा."

शेक घ्यायला परत जा, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "संशोधन सुरू आहे. डॉक्टरांना विचारून घ्या." वाक्य खोटं नव्हतं, म्हणून सोयीचं होतं. औषध आलं की कळवा, असं म्हणून तिने टेबलावरच्या वहीत आपला नंबर लिहिला आणि माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मी तो नंबर लावला. प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांसाठी औषध आलेलं नाही, शेक लगेच सुरू करा, असं सांगितलं.

ती म्हणाली, "हे काल काहून नाई सांगतलं? समोरच तं बसले होते हे." आणि नंतर, "पेपरात उंदराचं नोयतं."

"नव्हतं," मी म्हणालो. कोणी काढलं, ते सांगितलं नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. शेक पुन्हा सुरू झाला होता. मधल्या खंडाने किती नुकसान झालं, ते डॉक्टर आताच सांगत नव्हते.

त्याच आठवड्यात खुलासा छापला. दोन ओळींचा, मीच लिहिलेला. सदर प्रयोग उंदरांवरील असून तसा उल्लेख अनवधानाने राहून गेला.