स्विचबोर्डापुढचा कप्पा

आमच्या खोलीतल्या नव्या प्रोग्रामचं उद्घाटन झालं तेव्हा माउसला झेंडूचा हार घातला होता. हार माउसपेक्षा जड होता. साहेबांनी बटण दाबलं, पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली आणि जोरात टाळ्या पडल्या. पासवर्ड हजर असलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हता, पण त्यामुळे समारंभाचं काही अडलं नाही.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासणीच्या खोलीचा मी प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे मी सह्या करतो. बिया मोजतात त्या मावशी. वाळूच्या ट्रेमध्ये शंभर बिया पेरायच्या, ठरल्या दिवशी चांगली रोपं किती, वेडीवाकडी किती, मेलेली किती हे मोजायचं, हे काम त्या बावीस वर्षं करत आल्या आहेत. हंगामाआधी कपाशीचा लॉट बाजारात जाणार की परत हे त्यांच्या चिमट्यावर ठरतं.

प्रोग्राममध्ये पडद्यावर प्रत्येक ट्रेची एक चौकट होती, मोजलेले आकडे तिच्यात भरायचे. तो आल्यावर पहिल्याच महिन्यात चांगले लॉट नापास आणि हलके लॉट पास होऊ लागले. फेरतपासणीत ते उघडं पडलं. साहेब म्हणाले, "सिस्टम बराबर आहे, माणूस चुकतोय. पंधरा दिवस बघा, न्हाई तर मावशींना पॅकिंगला टाका." पॅकिंगची शेड पत्र्याची आहे आणि तिथे मोजण्यासारखं काही नसतं. मावशींना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझी मोजणी चुकली म्हणतेत व्हय?" आणि पुढच्या ट्रेकडे वळल्या.

प्रोग्राम लिहिणारी बाई केदारखेड्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. तिशी ओलांडलेली, कमी बोलणारी. मी तिला बोलावलं तेव्हा वाटलं, हीसुद्धा आता माणसालाच दोष देणार. तिने एक स्टूल मागितलं आणि दिवसभर मावशींच्या मागे बसून राहिली. आमच्याकडे बाहेरून आलेले तज्ज्ञ सहसा चहा मागतात.

दुपारनंतर तिने विचारलं, "मावशी, तुम्ही चौकटीवरचा नंबर कामून वाचत न्हाई?"

"नंबर केवढा लांब हाय बघ की. शेवटचे दोन आकडे तेवढे येगळे. ते वाचत बसले तर मोजू कवा? तिसऱ्या रॅकवरचा वरून दुसरा, असं ध्यानात राहतंय. ट्रेवर लेबल लावलं तर पाण्यानं धुऊन जातंय. जागा कुठं जात न्हाई."

हे खरंच होतं. आमच्या खोलीत ट्रे मोजणी होईपर्यंत हलवायचा नाही हा नियम मी नोकरीला लागायच्या आधीपासूनचा. एका लॉटचे ट्रे मुद्दाम वेगवेगळ्या रॅकवर असतात, आणि कुठला कुठे हे जागेवरूनच ओळखायचं. बाईने जुनं रजिस्टर मागितलं. त्याचं प्रत्येक पान मावशींनी पट्टीने आखलेलं होतं: सहा रॅक, प्रत्येकाला चार कप्पे, तिसऱ्या आणि चौथ्या रॅकच्या मधे चालायची वाट, आणि पाचव्या रॅकवर वरून दुसऱ्या ठिकाणी एक फुली.

"ही फुली कशाची?"

"तिथं मागं स्विचबोर्ड हाय. पाणी मारताना शॉक बसंल. तो कप्पा मोकळाच ठेवतो."

बाईने ते पान पडद्याशेजारी धरून चौकटी मोजल्या. मग म्हणाली, "सर, चूक माझी आहे." सरकारी, खासगी आणि सहकारी अशा तिन्ही प्रकारच्या कार्यालयांत मी कामं केली आहेत. हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून पुन्हा विचारून खात्री केली.

तिने सांगितलं ते असं. पडद्यावरच्या खिडकीत चौकटी कुठे बसवायच्या हे ठरवणारा एक कारभारी प्रोग्राममध्ये असतो, त्याला लेआउट मॅनेजर म्हणतात. तिने तयार मिळतो तो वापरला होता. तो ओळ भरली की उरलेल्या चौकटी खाली ढकलतो. तिच्या मोठ्या पडद्यावर ओळीत सहा चौकटी बसत, आमच्या जुन्या पडद्यावर पाचच. त्यामुळे सहावा रॅक खालच्या ओळीत पहिला होऊन बसला होता. मावशी जागा पाहून आकडा भरत होत्या, आणि जागाच सरकलेली होती.

दुसरा तयार कारभारी तिने लावून पाहिला. त्याने ओळीत सहा नीट बसवल्या, पण मोकळी जागा दिसली की पुढचीला तिथे ओढायची त्याला खोड. फुलीपासून पुढे सगळं एका घराने चुकलं.

"तिथे एक खोटी चौकट घालून भागवा," मी सुचवलं. सुचवणं हेही प्रमुखाचं काम असतं.

"शेजारच्या दोन खोल्यांत रॅक वेगळे हायेत, सर. किती खोट्या घालू? कारभारीच नवा लिहिते."

चार दिवस ती आमच्याच टेबलावर बसून लिहीत होती. मला समजलं तेवढं सांगतो. अशा कारभाऱ्याला कामं दोनच. आत बसणाऱ्या प्रत्येक चौकटीला विचारायचं, तुला कमीत कमी किती जागा लागेल? मग खिडकी असेल तेवढ्यात प्रत्येकीला तिची जागा नेमून द्यायची. दुसरं काम करणारे कारभारी मी पुष्कळ पाहिले आहेत. पहिला प्रश्न विचारणारा हा पहिलाच.

तिच्या कारभाऱ्याला रजिस्टरचं पान दिलेलं होतं. खिडकी लहान केली तर चौकटी बारीक होत, पण कोणी कोणाच्या जागी जात नसे. फारच लहान केली तर त्या आणखी आक्रसत नसत, बाजूला स्क्रोल करायची सरकपट्टी येई. फुलीची जागा मोकळी राही. खिडकीची रुंदी रॅकना वाटताना भागाकारात पडद्याचे दोन-तीन ठिपके उरत, ते तिने चालायच्या वाटेत टाकले. "रॅकला दिले तर एक रॅक जाड दिसतो," ती म्हणाली. ते ठिपके भिंग लावूनही कोणाला दिसले नसते. पडद्यावर काय दाखवायचं याबद्दल भाषणं देणारे लोक मला माहीत आहेत. दोन ठिपक्यांना योग्य जागा शोधणारं माणूस तेव्हाच पाहिलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेब आले. पडताळणीसाठी दुसऱ्या खोलीतल्या बाईंनी तेच ट्रे आधी कागदावर मोजले होते. मावशी खुर्चीत बसल्या, पण मोजायला लागल्या नाहीत. त्यांनी माउस धरून खिडकीचा कोपरा ओढला. लहान केली, मोठी केली, पुन्हा लहान केली.

"काय करून राह्यल्या त्या?" साहेब मला हळूच म्हणाले.

"तपासणी," मी म्हणालो.

पाच-सहा वेळा झाल्यावर त्या "हं" म्हणाल्या आणि आम्हाला सांगितलं, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." साहेब बाजूला झाले.

तेवीस ट्रे झाले. बावीस जुळले. तेविसाव्यात फरक आला. मावशींनी तो ट्रे खाली काढला, कागदवाल्या बाईंना शेजारी बसवलं आणि एकेक रोप चिमट्याने उचलून दाखवलं. कागदावर दोन वेडीवाकडी रोपं चांगल्यात धरली गेली होती. पॅकिंगचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. प्रगतीवर थोडंसं बोलले.

पुढच्या आठवड्यात सातवा रॅक आला. तो कुठे ठेवायचा हे मी ठरवणार होतो, पण मावशींनी हमालांना दारातच थांबवलं आणि बाईला फोन लावला. "पोरी, नवा रॅक आलाय. खोलीच्या खिडकीकडून पहिला धर. खालचा कप्पा न्हाई त्याला, तिथं पाइप जातोय. अन् वाट होती तेवढीच ठेव." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मावशी वाकल्या, वितीने अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "तीन वीत अन् चार बोटं. तुझ्या मापात कर काय व्हतंय ते."

मग हमालांकडे वळून म्हणाल्या, "आणा आत. जागा झालीय."